मिटलेल्या जबड्याचं माप

कवळीवाले माणसाकडे बघायचे ते नाकाच्या खाली. समोरचा कितीही मोठा असो, त्यांची नजर आधी ओठांच्या फटीत शिरायची, आतलं काम कुणाच्या हातचं आहे ते ठरवायची आणि मगच सावकाश डोळ्यांपर्यंत चढायची. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची लॅब होती. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खिडकीपाशी घासायचं चाक, आणि चाकापाशी तोंडाला फडकं बांधून बसलेली त्यांची मुलगी. सगळी गल्ली त्यांना कवळीवाले म्हणायची. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची, आणि ती बऱ्यापैकी वेळा रागवायची.

गेले काही महिने मात्र त्यांना ज्या तोंडाची काळजी लागली होती त्यातले दात ठणठणीत होते. ते तोंड बायकोचंच होतं.

ही बाई गाण्याशिवाय कधी कपडा वाळत घालत नसे. तिची धाकटी बहीण मागच्याच गल्लीत राहायची. संध्याकाळी ती आली की दोघी मिळून भाजी निवडायच्या, घड्या घालायच्या आणि गायच्या. एक ओळ हिची, एक तिची. वाटणी लहानपणापासूनची, त्यात कधी भांडण नाही. मग धाकटी आजारी पडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणाला फार काही करता न येता, गेली. कवळीवाल्यांची बायको रडली, सावरली, पार्सल ऑफिसातल्या वजनकाट्यापाशी पुन्हा कामाला उभी राहिली. जेवत होती, झोपत होती, नवऱ्याला टोमणे मारत होती. गाणं तेवढं बंद झालं. मुलीने एकदा मुद्दाम रेडिओ लावला, तर हिने हात पुसत येऊन तो बंद केला. "नको गं. लावलात की तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत बसता."

खोटं नव्हतं ते. दोघंही बघत बसत. कवळीवाल्यांना ती परत गायला हवी होती, दुसरं काही म्हणजे काही नको होतं, आणि इतकी साधी गोष्ट माणसाला बाजारातून आणता येत नाही याचा त्यांना रागच यायचा.

बायकोचं ते वाक्य त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. बघणारं कुणी नसेल तर? कामावर जाता-येता ती एकटी चालते. फक्त तिलाच ऐकू येईल असं गाणं असलं तर? म्हणून ते तिला घेऊन इअरफोनच्या दुकानात गेले. तिला सांगितलं, तुला रस्त्यात कंटाळा येतो म्हणून. तिने विश्वास ठेवल्यासारखं दाखवलं.

दुकानातली विक्रेती चष्मा गळ्यात अडकवून फिरणारी बाई होती, आणि बोलायला सरळ. "बिनवायरचे दाखवू?"

"पडले तर?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"पडले तर शोधायचे."

"मग वायरचेच द्या."

तिने वायरच्या तीन जोड्या काढल्या. पहिली कानात घालून बायकोने तोंड वाकडं केलं. "डोक्यात कुणीतरी कपाट सरकवतंय." दुसरीत बाई गात होती की केटली शिट्टी मारत होती ते कळेना. तिसरी घालून ती तशीच ऐकत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ही बरी आहे. समोर बसून म्हटल्यासारखं वाटतं." आणि हात भाजल्यासारखी घाईने काढून ठेवली. कवळीवाल्यांनी तेवढ्यात मनातल्या मनात ती जोडी विकत घेऊन टाकली होती.

पण घोडं अडलं डाव्या कानापाशी. विक्रेतीने रबराच्या टोप्या बदलून पाहिल्या, लहान, मध्यम, मोठी, मग ती स्पंजची, जी दाबून बारीक करून घालायची आणि आत गेल्यावर फुगते. उजवा कान मुकाट्याने ऐकायचा. डावा जरा मान वळवली की टोपी बाहेर टाकायचा.

"फट राहता कामा नये," विक्रेती म्हणाली. "फट राहिली की जाड आवाज पळून जातो, नुसतं चिरचिर उरतं. हवा आत शिरली नाही तर ते धरून राहतं."

कवळीवाल्यांना ती बाई एकदम बिरादरीतली वाटली. वरची कवळी तरी दुसऱ्या कशाने टिकते? "बरोबर आहे. सगळा खेळ हवेचा आहे. हिचा डावा कानच हट्टी आहे, दुसरं काय."

"टोप्या घातल्या तरी मला ऐकू येतंय हां," बायको म्हणाली.

शेवटी स्पंजच्या टोप्यांवर भागवून ते घरी आले. मुलीने फोनवर आईच्या आवडीची गाणी भरून दिली. दुसऱ्या दिवशी ती कामावरून परत आली ती डावा इअरफोन छातीवर लोंबकळवतच. त्यानंतरच्या दिवशी तिने ते घातलेच नाहीत. "सारखं एका हाताने कान धरून कोण चालेल? लोकांना वाटतं दुखतोय." इअरफोन ड्रॉवरमध्ये गेले, जुन्या चाव्यांच्या शेजारी. एकदा ड्रॉवरमध्ये गेलेली वस्तू तिथून बाहेर येताना कवळीवाल्यांनी पाहिली नव्हती.

मग त्यांनी ठरवलं, टोपी आपणच करायची. हयात मापं घेण्यात गेली; कान झाला म्हणून काय झालं, तोही एक खळगाच.

"बाबा, कानाच्या यंत्रांचं काम करतात त्यांना आधी विचारा ना," मुलगी म्हणाली.

"ते मला कवळ्यांबद्दल विचारायला येतात का?"

सुट्टीच्या दिवशी त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं. कानाच्या आत दोरा बांधलेला कापसाचा बोळा अगदी हलक्या हाताने सारला, मऊ सिलिकॉन कालवून कानात भरलं आणि आयुष्यभर गिऱ्हाइकाला जे सांगत आले तेच सांगितलं. "मीट. जबडा घट्ट मीट. आता हलायचं नाही, बोलायचं नाही."

"जन्मात पहिल्यांदा संधी मिळालीय तुम्हाला," दात मिटूनच ती म्हणाली.

"बोलू नकोस म्हटलं ना."

चांगल्या कवळीची सगळी मदार जबडा नीट मिटण्यावर असते, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. त्यांचं गिऱ्हाईक या खुर्चीत बसलं की शेवटी तोंड मिटूनच उठायचं. ती दगडासारखी बसून राहिली. कवळीच्या आतल्या बाजूला हिरडीला टोचू नये म्हणून मऊ अस्तर लावतात, त्याच मालातून त्यांनी दोन टोप्या ओतल्या, घासल्या, परत घासल्या. हिऱ्याला पैलू पाडावेत तसा जीव लावला होता, पण दिसायला त्या चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारख्या होत्या. तिने कानात घातल्या, मान हलवली, वाकली, जिन्याच्या दोन पायऱ्या उड्या मारत उतरली.

"बसतंय की हो!" तिच्या तोंडून निघालं. कवळीवाल्यांनी मुलीकडे असं पाहिलं की तिने हसू दाबायला फडकं वर ओढलं.

पुढे ती रोज इअरफोन घालून जाऊ लागली. ती परत येताना कवळीवाले खिडकीतून बघायचे: ओठ मिटलेले, चेहरा शांत, चाल नेहमीची. घरात आली की वायर गुंडाळून ठेवायची आणि स्वयंपाकाला लागायची. गाण्याचं नावही नाही. दिवस जात राहिले. टोप्या पडत नव्हत्या, आणि त्यांना कळून चुकलं की त्यांनी घट्ट बसवलं होतं ते फक्त रबर. त्याचा अभिमान किती दिवस पुरणार?

मग एका संध्याकाळी ती आली तीच फणकारत. "घ्या तुमची कारागिरी. भर रस्त्यात निघाली."

कवळीवाल्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. टोपी साच्यात घालून पाहिली. केसही शिरणार नाही अशी बसत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "आज दोन्हीही सुटल्या," ती म्हणाली, पण या वेळी फणकारा जरा कमी होता.

"कुठे सुटल्या? काय करत होतीस?"

"काय करणार? चालत होते."

रोजच चालत होती की. मग कालपासूनच का? ते लॅबमध्ये जाऊन बसले, टोपी बोटांत फिरवत. फळीवरचे सगळे जबडे मिटून त्यांच्याकडे बघत होते. शेवटी काही सुचेना म्हणून त्यांनी स्वतःची करंगळी स्वतःच्याच कानात घातली. काही नाही. तेवढ्यात त्यांना जांभई आली, आणि करंगळीखाली कान हलला. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. मिटलं की कानाची नळी बोटाला धरत होती, उघडलं की सैल पडत होती.

"अरे देवा," ते मोठ्याने म्हणाले. मुलीने चाक थांबवलं.

"काय झालं, बाबा?"

"मी कवळीचं माप घेतलं. कानाचं घेतलंच नाही." स्वतःच्या मूर्खपणावर हसावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. मिटल्या तोंडाला टोपी घट्टच होती, आजही. सुटायची असेल तर तोंड उघडायला हवं. चांगलं मोठं, पुन्हा पुन्हा.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. बायको ओट्याशी पाठमोरी कणीक मळत होती.

"रस्त्यात कुणाशी बोलत होतीस का?"

"कुणाशी बोलू? एकटी असते मी."

"काही खात होतीस?"

"रस्त्यात? मी?" तिचे हात थांबले.  मग कणकेकडेच बघत म्हणाली, "आमचं दोघींचं गाणं लागलं की इतके दिवस नुसती ऐकत होते. माझी ओळ मला काही केल्या म्हणवेना. काल वाटलं, माझी राहू दे. पण तिची ओळ रोज तशीच मोकळी जाते. ती कुणीतरी म्हणायला हवी ना?"

कवळीवाल्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला हातात फडकंही नव्हतं. "नवीन करून देतो," ते कसेबसे म्हणाले. "चूक माझीच होती. तोंड उघडं ठेवून माप घ्यायला हवं होतं."

"द्या."

 मुलगी दारात येऊन थबकली. कवळीवाल्यांनी घसा साफ केला. हा माणूस सुराच्या बाबतीत इतका कच्चा होता की लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बहिणी-बहिणींनी मिळून त्याला गाण्यातून कायमचं बाद केलं होतं. पण दोघींचं ते गाणं त्याने भिंतीच्या पलीकडून इतकी वर्षं ऐकलं होतं. त्याने पहिली ओळ सुरू केली, बायकोच्या वाटणीची. ती दुसऱ्याच शब्दाला वरून घसरली, मध्येच फाटली, तरी त्याने रेटून शेवटपर्यंत नेली.

बायको वळली. कणकेचे हात तसेच हवेत, डोळे गळताहेत, आणि चेहऱ्यावर दात दुखावा तशी कळ.

"किती भयंकर गाता हो तुम्ही," ती म्हणाली, आणि धाकटीची ओळ तिने उचलली.