कोरा कोपरा

सत्त्याहत्तर साली वाशीमच्या कॉलेजात भरतकामाच्या इतिहासावर परिसंवाद भरला होता आणि देवमन भगतचा जीव टांगणीला लागला होता. घराण्यातला हा पहिला प्राध्यापक, त्याचा हा पहिला निबंध, आणि समोर नागपूरची बडी मंडळी. निबंध पसंत पडला तर तो पुस्तकात छापला जाणार होता.

निबंध जमलाही होता झकास. मानोऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यात त्याला घागरीवर पांघरायची तीन भरलेली कापडं सापडली होती. टाके असे की नजर ठरू नये, पण तिन्हींचा एकेक कोपरा कोरा. देवमननं ताडलं, ही रीतच असणार! लेकीनं सासरी जाऊन पुरा करावा म्हणून आई कोपरा सोडत असणार. कुणाला विचारायचं मात्र साहेब विसरले. विद्वान व्हायची घाई, दुसरं काय!

वाचून झालं, टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी पहिल्या रांगेतल्या रामीबाईला उठवलं. कापडं तिच्याच घरची, देवमननंच तिला मानानं आणलेलं.

"बाई, कोपरा का सोडता तुम्ही?"

"ते तर बहात्तरच्या दुष्काळात..." ती बोलू लागली आणि तिची नजर देवमनकडे गेली. तो पांढराफटक पडला होता. म्हातारीनं शब्द गिळले. "मास्तर सांगते तशीच रीत हाय आमची. लिवा."

पुन्हा टाळ्या. देवमन सुटला होता. गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण या बाईनं आपल्यापायी खोटं बोलावं, याची त्याला भयंकर लाज वाटली. तो उठला.

"मावशी, माह्याकडे पाहू नका. खरं सांगा."

रामीबाईनं ओढणीतून हात बाहेर काढला. दोन बोटं वाकडी, ताठ झालेली.

"त्या साली आख्खा तांडा रस्त्याच्या कामावर खडी फोडाले गेला. मी अन् माह्या दोघी सुना. घरी आलो त एकीलेबी सुई धरता येईना. कापडं राह्यली तशीच."

देवमननं निबंध मागे घेत असल्याचं सांगितलं आणि खाली येऊन तिच्याशेजारी बसला.

"नोकरी जाईल का मास्तर तुमची?" ती घाबरून कुजबुजली.

"नाही जात." त्यानं तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं. "माह्या मायनंबी त्या साली खडीच फोडली, मावशी. पैसे मले शिकाले धाडे. तिच्या बोटाइले काय झालं, मी कधी इचारलंच नाही."