खांबाजवळची रिकामी जागा

देवाला सगळं ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्यापासून लपवायचा प्रश्नच नव्हता. लपवायचं होतं ते शिशिरपासून.

शिशिर माझा मुलगा. जानेवारीत मला जिन्यावर एकदा भोवळ आली आणि त्याने फर्मान काढलं : बाबांनी एकट्याने बाहेर पडायचं नाही. सूट फक्त कीर्तन सप्ताहाची. सकाळी तो गाडीने तात्यापारा वस्तीत आमच्या मराठी मंडळाच्या दाराशी सोडणार, संध्याकाळी पाचला तिथूनच उचलणार.

"पण एकदा जरी इकडेतिकडे गेले ना बाबा, तर मंडळबी बंद. फायनल."

कीर्तनाशिवाय मी म्हणजे मिठाशिवाय वरण. आणि ही शिक्षा एकट्या मला झाली नसती. माझी बायको सुशीला तीन आठवड्यांपासून पायाला प्लास्टर घालून खाटेवर पडलेली. कीर्तनाचं वेड तिला माझ्यापेक्षा जास्त. आमच्या घरची रीतच अशी, की जो कीर्तनाला जाईल त्याने घरी राहिलेल्याला आख्यान सांगायचं, तेही चहाच्या आधी. दिवसभर ती त्याच घटकेची वाट पाहत पडून असते.

एवढं सगळं माहीत असून मी चौथ्या दिवशी पळालो.

दोष मंडळाच्या फळ्याचा. त्यावर खडूने लिहिलं होतं : "आजचे आख्यान – गुराख्याची भाकर." हे नरहरबुवांनी स्वतः रचलेलं आख्यान मी तीनदा ऐकलंय. बुवा कुठे थांबून पाण्याचा घोट घेतात, तेही मला पाठ. आत माझी नेहमीची जागा, पहिल्या खांबाला टेकून, मोकळीच होती. शेजारी कुणीतरी तिपाई उभी करत होतं, फोटोबिटोसाठी असेल म्हटलं. बाहेर फाल्गुनाचं कोवळं ऊन होतं. अठ्ठ्याहत्तर साली रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याहून या हिंदी मुलखात आलो तेव्हापासून हे शहर मी पायांनी ओळखतो, आणि दोन महिने ते फक्त गाडीच्या काचेतून बघत होतो. कीर्तन सुरू झाल्यावर मधून उठणं पाप. म्हणून ते सुरू होण्याआधीच उठलो. एवढा शास्त्रार्थ मी पाळला.

शारदा चौक, मग जयस्तंभ. तिथे रस्ता ओलांडताना एका पोरीने माझा हात धरला. पलीकडे गेल्यावर कळलं की तिलाच भीती वाटत होती. मालवीय रोडने रमतगमत गोल बाजारात शिरलो. भांड्यांच्या गल्लीत तोच ठणठणाट, मसाल्याच्या गल्लीत त्याच शिंका. एकोणऐंशीत सुशीलाने इथेच एका पितळी डब्यासाठी दुकानदाराशी तासभर घासाघीस केली होती. शेवटी माझी दया येऊन त्याने मलाच पाणी पाजलं होतं.

एवढ्यात समोरून आमच्या शंकर नगरच्या बिल्डिंगमधल्या मंजिरीबाई येताना दिसल्या. सूनबाईंची मैत्रीण, म्हणजे बातमी पोचायला मिनिट पुरे. मी झटकन शेजारच्या दुकानात, टांगलेल्या साड्यांच्या मागे.

"कौन सी दिखाऊँ दादाजी? दुल्हन के लिए?" दुकानदाराने विचारलं.

"छुपने के लिए."

त्याने माझ्याकडे बघितलं, बाहेर बघितलं, आणि वरून एक मोठी जांभळी साडी खाली सोडली. असा धर्म अजून शिल्लक आहे या गावात.

मंजिरीबाई गेल्या तसा सदर बाजारातून बुढापारा आणि मग बुढा तलाव. पाण्यात बदकांच्या आकाराच्या नावा डुलत होत्या. काठावर गुपचुपवाली बसली होती. नागपूरकर त्याला पाणीपुरी म्हणतात.

"मिरचा कम के जादा, बबा?"

"जादा."

"हव," म्हणाली आणि तिने खरंच जास्त घातली. सहा खाल्ले. चौथा हातातच फुटला आणि हिरव्या पाण्याचा ओघळ पांढऱ्या सदऱ्यावर, छातीपासून पोटापर्यंत. कान गरम झाले, डोळ्यांतून धारा. मग पायऱ्यांवर बसलो, कारण पाय जरा लटपटत होते. खोटं कशाला बोलू? अर्धा तास बसलो. तळ्यावरून गार वारा येत होता आणि मी मनातल्या मनात अभंग म्हणत होतो. वाटलं, सुशीला इथे हवी होती.

चारला मंडळात परतलो, सदऱ्यावर उपरणं ओढून. प्रसादाच्या पातेल्याशी मंडळाचे बाबाराव उभे होते. त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला, हातात द्रोण दिला.

"काय श्यामकांतराव, रंगला ना आज?"

"रंगला म्हणजे! डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं."

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

पाचला शिशिरने उचललं. घरी सुशीला खाटेवर उशीला टेकून बसली होती. सून स्नेहल चहाचं आधण ठेवायला आत गेली, शिशिर समोर सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला.

"बसा," सुशीला म्हणाली. "कोन्तं आख्यान लावलं बुवांनी?"

"गुराख्याची भाकर."

"अस्सं? सांगा मंग."

मी मांडी घातली, टाळी वाजवली आणि सुरू केलं. रोज अर्धी भाकर देवासाठी झाडाखाली ठेवणारा गुराखी, त्याला हसणारा गाव. सांगता सांगता मला रंग चढला.

"मग तो गुराखी देवाला शोधत निघाला. बाजार ओलांडला, पेठ ओलांडली, आणि एका तळ्याकाठी आला..."

"तळ्यात नावा होत्या का हो?"

"होत्या."

"बदकासारख्या?"

बुवांच्या आख्यानात तळं नाहीच, हे मला तेव्हा आठवलं.

"आणि भाकरीसंग हिरवं पाणीबी पेला का तुमच्या गुराख्यानं?" तिची नजर माझ्या उपरण्यावर. ते घसरलं होतं.

शिशिरने मान वर केली. "आई, काय बोलून राहिली? कसलं हिरवं पानी?"

सुशीला एका शब्दात सगळं संपवू शकली असती : कीर्तन, मंडळ, माझं एकुलतं एक दार. तिने माझ्यापुढचा प्रसादाचा द्रोण उचलला, त्यातला शिरा शांतपणे तोंडात टाकला, आणि म्हणाली, "चटणीचं असन प्रसादातल्या. आख्यान फार चांगलं चाललं आहे रे. उद्या बाबाले जरा लवकर सोडजो, लांबचा पल्ला आहे."

"ओके," म्हणून शिशिर चार्जर शोधत आत गेला.

तो गेल्यावर तिने उशीखालून सुनेचा मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. पडद्यावर मंडळातलं आजचं चित्रण. नरहरबुवा उभे. आणि बाजूला पहिला खांब, त्याला टेकून कुणीच नाही.

"यंदापासून मोबाइलवर लाइव्ह दाखवतात म्हणे. स्नेहलनं लावून देल्लं सकाळी. बुवांनी ऐन वेळी आख्यान बदललं. 'तेलिणीचा दिवा'. अडीच तास तुमचा खांब पाहून राहिली मी. आधी वाटलं चक्कर आली कुठं तरी. जीव अर्धा झाला माझा. मंग तुम्ही घरात आले, अन् ते डाग पाहिले."

मी कान पकडले. दुसरं काय करणार?

"कान सोडा. किती खाल्ले?"

"सहा."

"एकट्यानं!" याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला होता. "काहून फोन नाई केला मले? पाय प्लास्टरमंदी आहे, डोळे नाईत. उद्या फोन घेऊन जायचं, अन् मले सारं दाखवायचं. गोल बाजार, तलाव, ती गुपचुपवाली. पन आधी कीर्तन, मंग भटकंती. अन् चक्कर आली की बसाचं."

"पण तेलिणीचं आख्यान तर माझं बुडालंच ना."

"घरची रीत इसरले का?" ती म्हणाली. "आज घरी मी नाई राहिली, तुम्ही राहिले. चहा नंतर. बसा खाली."

मी खाटेजवळ खाली बसलो. तिने डोळे मिटून नमनाला सुरुवात केली. आवाज जरासा फाटका, पण सूर पक्का. तेलीण घरातलं शेवटचं तेल घेऊन देवळाच्या पायरीशी पोचली, वारा सुटला, ज्योत फडफडली... आणि तिथेच सुशीला थांबली.

"पुढे?"

"मधात बुवांना हार घालतात ना, आज बुवा मीच. तुम्ही काय आनलं माझ्यासाठी?"

मी खिसे चाचपले. बसचं जुनं तिकीट, रुमाल, बुक्क्याची पुडी.

"मंग उरलेलं आख्यान उद्या," ती म्हणाली. "तलावाच्या पायऱ्यांवर बसून फोन कराल तेव्हा."