विल्फच्या दगडावरची ओळ

विल्फ शॅरॉकला जाऊन सात महिने झाले, तरी त्याच्या कबरीच्या उशाशी दगड उभा राहिला नव्हता. सगळं एका ओळीपाशी अडलं होतं: ‘आता कुणी शिंकू नका!’

ही ओळ विल्फने १९५३ साली रेडिओसाठी लिहिली. दर गुरुवारी डिकी फार्न हा नट शिडीवर चढलेल्या कारागिराच्या आवाजात ती म्हणायचा, मागोमाग धडाडधूम व्हायचं आणि अख्खं इंग्लंड हसायचं. लेखकाचं नाव शेवटी टाळ्यांत बुडून जाई. पुढे ती ओळ सगळ्यांचीच झाली. सरकार एका मतावर तरलं की वर्तमानपत्रं मथळ्याला तीच घेत. पेनल्टीच्या आधी समालोचक तीच म्हणे. एका रंगकंपनीने तर ती डब्यांवर छापली. एनिडने एकदा मासेवाल्या रॉनला सांगितलं, ही माझ्या नवऱ्याची ओळ.

“हो का, बाई? मग ‘गुड मॉर्निंग’ माझ्या आजीचं!” रॉन म्हणाला. अख्खी रांग हसली. त्यानंतर तिने कुणाला सांगितलं नाही.

पण दगडावर तरी ती विल्फची म्हणून राहावी, एवढीच तिची इच्छा होती. चर्चच्या आवारातल्या दगडावर काय कोरायचं, त्याला चर्चची परवानगी लागते. पाद्री प्राऊज वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आणि तिचा अर्ज घेऊन चहाला आले.

“मिसेस शॅरॉक, जाहिरातीचं वाक्य चालणार नाही म्हणतात.”

“जाहिरात नंतर आली. वाक्य विल्फचं आहे.”

“कागद काही?”

“तळघरात पाणी शिरलं तेव्हा गेले सगळे.”

प्राऊजनी मान हलवली. मेजावर जागा नव्हती, म्हणून पुस्तकांच्या चळतीवर कप टेकवत ते सवयीने पुटपुटले, “आता कुणी शिंकू नका.” आणि कानापर्यंत लाल झाले.

“माफ करा हं. सगळेच म्हणतात हो.”

“म्हणतात खरे.”

“चर्चच्या कोर्टात दाद मागता येईल. वर्षभर जाईल. साक्षीदार लागतील.”

साक्षीदार म्हणजे डिकी, वादक, ध्वनिवाला मॉरिस. एकेकाच्या अंत्यविधीला ती विल्फबरोबर जाऊन आली होती. तिने अर्ज ओढून घेतला, पट्टी लावून ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली.

“व्यवसाय लिहिलेला चालतो,” प्राऊज घाईघाईने म्हणाले.

पंधरवड्याने ती पाथरवटाच्या कारखान्यात गेली. लेन हॅक्सबी खडूने मापं आखत होता.

“नावाखाली काय घालू, बाई?”

“लेखक.”

“पुस्तकं लिहायचे?”

“नाही, रेडिओवर. विनोदी.”

“अरे वा! आमच्या घरी रेडिओ कधी बंद नसायचा. त्यांचं काही कानावरून गेलं असेल का माझ्या?”

एनिडने दगडावरून हात फिरवला. तो गार होता.

“नसेल,” ती म्हणाली.