चौदा बैठका

ऑफिसच्या सर्व्हरवर अपडेट काही केल्या इन्स्टॉल होईना, आणि साहेबांची ठाम समजूत होती की चार बैठका घेतल्या की तो लाजेकाजेस्तव होईल. सहा आठवड्यांत चौदा बैठका झाल्या. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाई प्रत्येक बैठकीत एकच सांगायच्या, "साहेब, डिस्कवर जागा नाही. मी मोकळी करते, ती परत भरते."

"ते ठीक आहे हो, पण मूळ कारण काय?" साहेब विचारायचे. पालथ्या घड्यावर पाणी! खरेदीवाला म्हणायचा, व्हायरस असेल. ज्याला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, तोही अक्कल पाजळायचा.

शेवटी बाईंनी एक दिवस पदर खोचला आणि अख्खी डिस्क उपसली. त्यांनी मोकळी केलेली सगळी जागा एकाच फोल्डरने गिळली होती. त्याचं नाव होतं 'अपडेट का होत नाही'. आत चौदाही बैठकांचे व्हिडिओ होते, साहेबांच्या हुकमावरून त्याच सर्व्हरवर जपून ठेवलेले.

बाईंनी कुणालाही न विचारता फोल्डर पुसून टाकला. अर्ध्या तासात अपडेट निमूटपणे इन्स्टॉल झाला.

"बघितलंत?" साहेब छाती फुगवून म्हणाले, "एवढ्या बैठका घेतल्या, त्याचं चीज झालं!"

त्याला आता वर्ष झालं. त्या चौदांतली एकही बैठक आजवर कुणी बघायला मागितलेली नाही.