वेंडेलने बोलता केलेला बँजो

तो गुरुवार होता. हवा दमट होती, त्यामुळे माझं कातडं सैल पडलं होतं, आणि वेंडेल मला स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरून शेकत होता.

“बाबा, उशीर होतोय,” त्याची मुलगी मार्ला दारातून म्हणाली.

“काय?”

“उशीर!” ती ओरडली.

“उशिराचं मला नको सांगूस. आयुष्यात एकदाच उशीर केला, तेवढा पुरला.”

गाडीची किल्ली मार्लाच्या हातातच होती, तरी किल्ली शोधायला म्हणून ती बाहेर निघून गेली.

मित्रांनो, मी एक चेलो बँजो, नव्वदी ओलांडलेला. तुमच्याकडे वरातीत बेंजो वाजतो, ते वाद्य निराळं. माझं अंग परातीएवढं गोल, त्यावर वासराचं कातडं ताणलेलं, लांब मान आणि जाड चार तारा. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं ते मोठं वाद्य. त्याच्याच सुरांत माझ्या तारा लावतात. ज्याला चेलो येतो, त्याच्या डाव्या हाताला माझ्याकडे नवं काही शिकावं लागत नाही.

माझा जन्म १९२४ सालचा, मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. तिथून मी पेन्सिल्व्हेनियात, नदीकाठच्या या गावी आलो. तेव्हा गावच्या बँजोवृंदात तीस माणसं होती. टाळ्या मिळत त्या लहान बँजोंना, पुढे बसून टणटण करणाऱ्यांना. माझं नाव कोणी घेत नसे. पण मी मध्येच थांबलो, की सगळे वळून बघत. पायाखालची फळी निघाल्यासारखे.

मग रेडिओ आला, गिटार आली. वृंद मोडला. वृंद ज्या मंडळाच्या इमारतीत जमे, तिथल्या कपाटात मला ठेवलं, नाताळच्या लाल अंगरख्यांशेजारी. तिथे मी सत्तर वर्षं होतो. उंदरांनी माझं कातडं कुरतडलं, कातडं ताणून धरणारे सहा आकडे हरवले, तीन तारा तुटल्या. कपाटाचं दार दरवर्षी डिसेंबरात उघडे. अंगरखे बाहेर जात, मी राही.

मंडळाची इमारत पाडायची ठरली, तेव्हा सामान काढायला वेंडेल आला. तो काचेच्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर होता. त्या आवाजाने त्याचे कान गेले होते, आणि तेही विचित्र रीतीने. वरचे सूर सगळे गेले, खालचे तेवढे उरले. पाखरं नाहीत, फोन नाही, मुलीचं बोलणं अर्धंमुर्धं. तरुणपणी तो लहान बँजो वाजवायचा. “आता तो वाजवला की लाकडावर चमचा आपटल्यासारखं ऐकू येतं,” तो म्हणायचा. कपाटापाशी त्याने माझी उरलेली एकुलती तार सहज छेडली आणि तसाच उभा राहिला.

“अरे,” तो म्हणाला, “हा मला ऐकू येतोय.”

त्याने मला घरी नेलं. सहाही आकडे स्वतः लेथवर घडवले. नवं कातडं न्हाणीत भिजवून चढवलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास माझ्यासारखे नवे बँजो पुन्हा बनू लागले होते. लांबच्या मेळ्यांत तरुण मुलं ते वाजवतात, अशा बातम्या वेंडेलच्या बँजो क्लबातली युनिस आणत असे. वेंडेलला वाटलं, आमचे दिवस परत आले. तरुण मुलं मात्र आमच्या गावाकडे कधी फिरकली नाहीत. आमच्या क्लबात आठ जण होते, आणि सगळ्यांत लहान माणूस एकाहत्तर वर्षांचा.

पण वेंडेलने मला नीट केलं ते फक्त स्वतःसाठी नव्हे.

मार्ला शाळेत चेलो वाजवायची. सतरा वर्षांची असताना क्लीव्हलँडच्या संगीत महाविद्यालयात तिची प्रवेशपरीक्षा होती. वेंडेल तिला आपल्या ट्रकमधून घेऊन निघाला. वाटेत इंजिनाच्या पंख्याचा पट्टा तुटला. त्याने मार्लाचा लांब काळा पायमोजा काढायला लावला, त्याची गाठ मारून पट्टा केला आणि ट्रक तसाच दामटला. तरी उशीर झाला. मार्लाने पुन्हा कधी चेलो हातात धरला नाही. ही गोष्ट वेंडेलने अख्ख्या गावाला सांगितली होती. पायमोज्याचा भाग आला की लोक हसत. मग तो म्हणे, “पट्टा आदल्या दिवशी बघायला हवा होता. लेथवर काम करणारा माणूस मी, आणि पट्टा नाही बघितला.” तेव्हा कोणी हसत नसे.

त्या गुरुवारी आम्ही क्लब जमायचा त्या अग्निशमन केंद्राच्या सभागृहात पोचलो. तिथे दर शुक्रवारी गावजेवणासाठी मासे तळतात, आणि तो वास पडद्यांतून जात नाही.

“आली बघा वेंडेलची परात,” ऑगी म्हणाला. तो लहान बँजो वाजवायचा आणि सदा चुकायचा.

“परात परवडली,” युनिस म्हणाली. “तुझं ते मांजर शेपटी सापडल्यासारखं ओरडतं.”

“कोण ओरडतं?” वेंडेलने विचारलं.

“तू भाग्यवान आहेस, तुला ऐकू येत नाही!” युनिस ओरडली.

मार्ला कोपऱ्यात पुस्तक वाचत बसली, दर गुरुवारसारखी. पान मात्र फारसं उलटत नव्हतं.

परतताना मी मागच्या सीटवर होतो. वेंडेल आपली बोटं उघडत, मिटत होता. “आखडली आता,” तो म्हणाला. “मार्ले, पुढच्या गुरुवारी तू वाजव. तुझा हात ओळखेल याला. मी समोर बसतो. तुझं बोलणं मला निम्मं कळत नाही, पण हे सगळं कळेल.”

मार्लाने गाडी हळू केली. “बाबा, त्या क्लीव्हलँडच्या दिवशी...”

“काय? मोठ्याने बोल.”

ती थांबली. काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

“काही नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “सूप गरम करून घे!”

शुक्रवारी सकाळी वेंडेल उठला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची निगा राखणं अवघड नाही. कोरड्या जागी ठेवा, धूळ पुसा, तारा गंजल्या तर बदला. माझं कातडं फाटलं होतं, सत्तर वर्षांनी नवं चढलं आणि मी बोलू लागलो. त्यामुळे मलाही वाटायचं, की कशालाच फार उशीर झालेला नसतो. आता तसं वाटत नाही.

सात आठवड्यांनी युनिसचा फोन आला. क्लब मिटवायचा होता. एकेक जण गळत चौघंच उरले होते, आणि खालचे सूर नसताना त्यांना आपलंच वाजवणं ऐकवेना. मार्ला मला घेऊन गेली, क्लबातल्या कोणाला तरी देऊन टाकायला.

“आमच्यात याला वाजवणार कोण, पोरी?” युनिस म्हणाली. “माझ्या मांडीवर तर तो मावणारही नाही. एकदा तूच वाजव. मग कुलूप लावू.”

मार्लाने मला पेटीतून काढलं. पहिली तार उतरली होती. तिने न बघता खुंटी फिरवली, सूर अचूक लागला. मग चौघांनी वॉल्ट्झ नाचाची एक जुनी धून धरली आणि ती खालच्या सुरांत त्यांच्या साथीला उतरली. सुरुवातीला बोटं अडखळली. तेहतीस वर्षांत ती मऊ पडली होती, तारा रुतत होत्या. तिसऱ्या ओळीला ती अडखळायची थांबली. वेंडेल माझ्याकडून चांगलं काम करून घ्यायचा. हिला माझ्यात काय काय आहे ते ठाऊक होतं. ऑगी एकदाही चुकला नाही.

वाजवून झाल्यावर ऑगीने चष्मा काढून पुसला.

“वेंडेल म्हणायचा ते खरंच होतं,” युनिस म्हणाली. “केवढा हात हा! कुठे असतीस आज तू. त्या मेल्या ट्रकने घात केला तुझा. शेवटच्या गुरुवारीसुद्धा मला म्हणाला, मी पोरीचं आयुष्य रस्त्यात घालवलं.”

मार्लाचा तळवा माझ्या तारांवर होता. तिने तो तसाच दाबून धरला.

“ट्रकने काही केलं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सभागृहात सगळ्यांना ऐकू गेला. “आम्ही वेळेत पोचलो होतो. वीस मिनिटं आधी. बाबाचे हात तेलाने माखले होते, म्हणून तो खाली ट्रकमध्येच थांबला. वर माझं नाव तीनदा पुकारलं. मी बाथरूमला आतून कडी लावून बसले होते. मला भीती वाटली, युनिस, बाकी काही नाही. खाली येऊन मी त्याला सांगितलं, उशीर झाला, घेतलं नाही. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. माझं चुकलं म्हणाला. आणि मी त्याला माफ केलं.”