बाबांच्या माशाचे दात

बंदराच्या धक्क्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध टपात केंड मासा चेंडूसारखा टम्म फुगलेला. चमत्कार दाखवायला आलेल्या बाबांनी त्याच्यावर फुंकर घातली आणि ते दोन पावलं मागे सरले. माशाची फुग हळूहळू उतरली.

"विष म्हणजे काय? अहंकार! तो मी ओढून घेतला." मग तोच मासा कापून घेतला, शिजवला आणि सगळ्यांदेखत कलेजीसकट खाऊन ढेकर दिली. लोक पायांवर लोळले.

मीही हात जोडले. माझा रोजचा नेम चुकत नाही. देवाचं नाव ऐकलं की हात आपोआप जुळतात. पण केंड खाल्ला की काय होतं, ते किनाऱ्यावर कोणाला ठाऊक नाही? आधी ओठ बधिर, मग जीभ, मग हातपाय. माणूस सगळं ऐकत असतो, पापणी मात्र हलत नाही. शेवटी श्वास थांबतो. उतारा नाही.

बाबांनी हाक दिली, "ज्याचे सांधे धरलेत, त्याने आपल्या जाळ्यातला केंड आणावा! मी फुंकलेला खाल्ला की सांधे सुटतील."

माझे धाकटे दीर पुढे झाले. वर्षभर त्यांची बोटं वळत नव्हती, जाळं ओढवत नव्हतं. खाडीच्या तोंडाशी सापडलेली, गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट भरलेली मादी त्यांनी आणली होती. फुंकर झाली. रस्सा उकळू लागला.

"भाऊजी, नका हो."

"वहिनी, तुम्ही एवढ्या देवभक्त, आणि तुम्हालाच शंका?"

मी बाजूला सरले.

माझी नणंद मासे साफ करते. दोन्ही केंड तिनेच कापले होते. दोन्ही मुंडकी उचलून ती म्हणाली, "दादा, थांब. तुझ्या माशाचे दात झिजलेत. बाबांच्या माशाचे चोचीसारखे वाढलेत. केंडाचे दात जन्मभर वाढतात, शिंपल्या फोडून झिजतात. या लाडोबाने एकही शिंपली फोडलेली नाही. टाकीत मऊ खाण्यावर पोसलाय."

"म्हणून काय झालं?" दीर म्हणाले.

"विष समुद्रातल्या खाण्यातून अंगात साठतं. ते खाणं नाही, तर विष कुठलं? मत्स्यबीज केंद्रात पाच वर्षं टाक्या धुतल्यात मी. आणि घाबरला की तो पाणी गिळून फुगतो, माणूस मागे सरला की ते सोडून आपणच सपाट होतो."

"बाई, तुझा अहंकार बोलतोय!" बाबा गरजले.

"बोलू दे. दादाचा मासा तुम्हीच फुंकलाय ना? पहिला घास तुम्ही घ्या."

बाबांना एकाएकी उपवास आठवला. उपवास मीही करते. तो ढेकर दिल्यावर सुरू होत नाही.

लोक हसू लागले. दीर मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी... मीठ बघायला मी रस्सा चाखला. ओठांना मुंग्या येताहेत."

दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे वळत नव्हते. दवाखान्यातल्या यंत्राने दोन दिवस त्यांच्यासाठी श्वास घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "मला सगळं ऐकू येत होतं. तुमचा जपसुद्धा."

जप मी थांबवला नव्हता. पण गाडी वाटेत कुठल्या बाबाच्या दारात थांबवली असती, तर तो ऐकायला ते उरले नसते. देवाला माना, मीही मानते. पण जो स्वतः चाखायला तयार नाही, त्याच्या शब्दावर घास गिळू नका.