पाच नंबरची चकती

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कुणीतरी भल्यामोठ्या चष्म्याच्या एका काचेला दिवा जोडला आहे. तसे ते खोटे नाही. मी भिंगाचा दिवा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. मधोमध बशीएवढे भिंग, त्याच्याभोवती पांढऱ्या उजेडाचे कडे आणि हवा तसा वळणारा लांब दांडा, एवढाच माझा संसार. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने आगपेटीवरची बारीक अक्षरे माझ्यातून वाचून पाहिली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातले.

खोके उघडले ते सातारा रस्त्यावर, कात्रजच्या अलीकडच्या एका केंद्रात. तिथे त्वचेच्या चाचण्या होतात. जखम धुण्यासाठी नवे द्रावण तयार झाले, की ते एकदम जखमेवर ओतत नाहीत. निरोगी माणसाच्या धड कातडीला तरी ते सोसते का, हे आधी पाहतात. त्यासाठी माणसे आपणहून येतात. त्यांच्या पाठीवर औषधात भिजवलेल्या छोट्या चकत्या चिकटवतात आणि दोन दिवसांनी काढतात. कुठल्या चकतीत काय आहे, हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्याला. प्रत्येक चकतीला फक्त नंबर असतो. चकती काढल्यावर त्या जागी लाली आली का, पुरळ उठले का, हे पाहण्याचे काम माझे आणि मंदाकिनीताईंचे.

मंदाकिनीताई कसबा पेठेतून दोन बस बदलून यायच्या आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचायच्या. आल्या की पहिल्यांदा मऊ सुती कापडाने माझे भिंग पुसायच्या. बोलणे मात्र खास पेठेतले. कुणी उशिरा आला की म्हणायच्या, "या, या. पाठ आणलीत ना बरोबर, की ती मागून येतेय?" पण पाठीवर हात ठेवण्याआधी त्या तो चोळून गरम करायच्या. हे फक्त मला दिसायचे.

अशाच एका सोमवारी मच्छिंद्र आला. तो आंबेगावचा. घरची शेती इमारतींखाली गेली, आणि आता मंडईत त्याचा कांद्या-बटाट्याचा गाळा होता. पाठ अशी रुंद, की माझे भिंग तिच्यावर एखाद्या नाण्यासारखे दिसत होते. ताईंनी सगळे समजावून सांगितले. खाज आली, आग झाली तर लगेच फोन करायचा. नको वाटले तर कधीही सोडून जायचे, कुणी कारण विचारणार नाही. मच्छिंद्रने सही केली आणि पाठीवर सहा चकत्या घेऊन गेला.

त्याचा फोन आला नाही. बुधवारी तो हसतच आला. ताईंनी चकत्या काढल्या, अर्धा तास थांबल्या आणि मग मला त्याच्या पाठीवर वळवले.

पहिली जागा स्वच्छ. दुसरी स्वच्छ. तिसरी तर अशी, जणू तिथे काही लावलेच नव्हते. पाचव्या जागेवर मात्र लालबुंद गोल उठला होता, आणि त्याच्या कडेला मोहरीएवढे फोड.

"काही त्रास झाला?" ताईंनी विचारले.

"न्हाय ताई. कायबी न्हाय."

"खाज?"

"अजाबात न्हाय."

"दोन रात्री झोपलात कसे?"

मच्छिंद्र गडबडला. "पालथा."

"रोज पालथेच झोपता?"

ताईंनी स्टूल पुढे ओढले आणि त्या त्याच्या समोर बसल्या. "अहो मच्छिंद्र, तुमची पाठ एक सांगतेय आणि तोंड दुसरंच. मी कुणाचं लिहू?"

त्या धिप्पाड माणसाने खाली मान घातली. मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्याच्या आईला, मुक्ताईला, घोट्याजवळ जखम होती. सहा महिने झाले तरी भरत नव्हती. रोज सकाळी मच्छिंद्रच ती धुवायचा. "म्हातारी तोंडात पदर कोंबून बसती ताई. वरडत न्हाय, पन डोळं गळत्यात. म्या सही केली तवाच ठरवलं, आपल्याला झालं तर झालं. आपन खाज सांगितली तर तुमी औषध नापास करनार. मंग ते आईपतुर पोचायचं कवा?"

मित्रांनो, माझ्या उजेडात मी हजारो पाठी पाहिल्या, पण असे खोटे कधी ऐकले नव्हते. त्याच्यावर रागवावे तरी कसे?

ताईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमच्या या दगडासारख्या पाठीला जे चावलं," त्या म्हणाल्या, "ते आईच्या उघड्या मांसाला काय करेल?"

मच्छिंद्रने वर पाहिले. मग तो म्हणाला, "सोमवारी सांजच्यालाच आग सुरू झाली व्हती. लिवा."

ताईंनी लिहिले. केंद्राच्या डॉक्टर शेफाली धावत आल्या. त्यांनी ती जागा धुतली, थंड पट्टी ठेवली, मलम दिले आणि मग विचारले, "आईंची जखम कशानं धुता?"

त्याने एका जहाल औषधाचे नाव घेतले. पाणी न घालताच वापरायचा. "जितकं झोंबल तितका गुन, म्हनत्यात ना?"

"म्हणतात. आणि चुकीचं म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "आईंना उद्याच त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. काय वापरता ते लपवू नका. पाठीवरचं लपवलंत तसं."

त्या दुपारी ताईंनी चाचणीतल्या उरलेल्या सगळ्यांना पुन्हा फोन केले. नुसते "त्रास आहे का" असे न विचारता त्या शांतपणे विचारत राहिल्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबल्या. आणखी चौघे कबूल झाले. कुणाला सांगायला लाज वाटली होती, कुणाला वाटले होते एवढ्याशा खाजेचे काय. पाचही जणांची आग पाचव्या चकतीची. ते द्रावण मग बनवणाऱ्यांकडे परत गेले. बदलून पुढच्या वर्षी आले तेव्हा कुणाच्याही पाठीवर उमटले नाही.

पण त्याच्या आधीच, काही आठवड्यांनी, मच्छिंद्र शेवटच्या तपासणीला आला तेव्हा कुठल्या नंबरात काय होते ते उघड झाले होते. डॉक्टर शेफालींनी त्याला सांगितले, की तिसऱ्या चकतीत नुसते सलाइन होते, म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी.

"आवो, तेच दिलंय आईला!" तो जवळजवळ ओरडलाच. "तिच्या डॉक्टरनं जुनं औषध बंद केलं. ताई, परवा धुता धुता म्हातारीचं डोळं मिटलं. मला वाटलं, गेली! हलवून उठवली, तर म्हनती, झालं का रे धुऊन?"

ताई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

त्यानंतर काही वर्षे गेली. केंद्रात कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले. लालीचा आकडा ते स्वतःच दाखवते. मला कपाटाशेजारी सरकवले, आणि माझ्या दांड्यावर कुणीतरी पिशव्या अडकवू लागले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण यंत्र चांगले काम करते, हेही खरे.

मंदाकिनीताईंच्या निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या तेजस्विनीने मला पुढे ओढले. "ताई, तुमच्या दिव्यासोबत एक फोटो!" तिने माझा दिवा लावला आणि उजेड नेमका ताईंच्या हातांवर पडला. वर्षानुवर्षे साबणाने धुऊन धुऊन ते हात भेगाळले होते. बोटांच्या पेरांवर कातडी फाटून रेषा लाल झाल्या होत्या. इतकी वर्षे ते हात माझ्या उजेडात वावरले, आणि मी एकदाही त्यांच्याकडे नीट पाहिले नव्हते.

"ताई, दुखतं का?" तेजस्विनीने विचारले.

"छे, काही नाही," ताई म्हणाल्या.

तेजस्विनीने फोन बाजूला ठेवला, स्टूल ओढले आणि ती उत्तराची वाट पाहत बसली.

"हिवाळ्यात जरा," शेवटी ताई म्हणाल्या. तेजस्विनी एकेका बोटाला मलम लावत गेली, आणि ताईंनी तिला लावू दिले.

मित्रांनो, जे हात तुम्हाला रोज जपतात, त्यांच्याकडे कधीतरी उजेड वळवा. विचारा, आणि पहिल्या "काही नाही"ला उठून जाऊ नका.